यंत्राचा आवाज आणि माणसाची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



‘हा कॉल दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडून आहे. आपला मोबाइल क्रमांक येत्या दोन तासांत बंद करण्यात येईल. अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ अशा आशयाचा ध्वनिमुद्रित निरोप गेल्या काही वर्षांत देशातील असंख्य घरांत ऐकू आला. निरोप बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत असतो, आवाज सराईत आणि सरकारी थाटाचा असतो. घाबरलेल्या माणसाने ९ चा आकडा दाबला की यंत्र बाजूला होते आणि जिवंत माणूस बोलू लागतो. तो सांगतो की, तुमच्या नावावर दुसरे सिमकार्ड घेतले गेले आहे, त्यावरून गुन्हा घडला आहे, मुंबईच्या अमुक ठाण्यात तक्रार दाखल आहे. पुढे गणवेशातला ‘अधिकारी’ पडद्यावर अवतरतो आणि ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ आयुष्यभराची बचत कुठल्याशा खात्यात हलवली जाते. नियामक प्राधिकरण कोणाचाही क्रमांक तोडण्यासाठी असे फोन करीत नाही, असा खुलासा त्या प्राधिकरणाला २०२४ साली जाहीरपणे करावा लागला.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा किंवा पोलिसांचा आहे असे समजून राजकीय कार्यकर्त्याने त्याकडे पाठ फिरवणे योग्य ठरणार नाही. ज्याच्यापाशी चारच पैसे आहेत आणि ज्याला सरकारी कागदाचे भय जन्मापासून शिकवले गेले आहे, तोच या सापळ्यात आधी सापडतो. निवृत्त गिरणी कामगार, एकटी राहणारी विधवा, योजनेचे पैसे खात्यावर येण्याची वाट पाहणारी शेतमजूर स्त्री ही कार्यकर्त्यांची रोजची माणसे आहेत. त्यांच्या संरक्षणाचा विचार ज्या चळवळीला सुचत नाही, ती चळवळ त्यांची म्हणवून घेण्यास कितपत पात्र आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

यंत्राचा दोष किती?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यंत्राने फोन करणे हे स्वभावतः वाईट नाही. अमेरिकेतील अल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले ते १८९१ साली. तेव्हापासून दूरध्वनीचा सारा इतिहास हा मधल्या माणसाची जागा यंत्राने घेण्याचा इतिहास आहे. ट्रंक कॉल लावण्यासाठी तासन्‌तास ताटकळणाऱ्या पिढीला त्याचे सुख निराळे सांगावयास नको. आज गॅसचे सिलिंडर यंत्राशी ‘बोलून’ नोंदवता येते, आणि त्यात कोणाची तक्रार नाही.

याहून मोलाचे उदाहरण ‘किलकारी’ या उपक्रमाचे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली सुरू केलेल्या या उपक्रमात गर्भवती स्त्रीला चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिमुद्रित निरोप पाठवले जातात. तपासण्या, लसी, आहार, स्तनपान यांविषयीची ही माहिती असते. महाराष्ट्रात हा उपक्रम २०२४ च्या फेब्रुवारीत आला. जिला लिहितावाचता येत नाही अशा स्त्रीपर्यंत पोहोचण्याचा याहून स्वस्त मार्ग सहसा सापडणार नाही.

आता ठकबाजीचे खरे मोल ध्यानात यावे. लुबाडलेल्या रकमेइतकेच ते नाही. ‘मुद्रित आवाज ऐकला की फोन ठेवा’ हा सल्ला शहाणपणाचा म्हणून रूढ झाला, तर पाड्यावरची गर्भवती स्त्री ‘किलकारी’चा फोनही ठेवून देईल. सार्वजनिक विहिरीत एकाने घाण टाकली तर पाणी सर्वांचेच जाते. विश्वास हीदेखील अशीच सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिची लूट कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

स्वस्ताईचा हिशेब

हे फोन इतके का वाढले, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात आहे. जो खर्च करणाऱ्याला सोसावा लागत नाही, तो खर्च तो बेफिकिरीने करतो. पूर्वी एका विक्रेत्याला दिवसभरात शंभरएक माणसांशीच बोलता येई, आणि त्याला पगार द्यावा लागे. ध्वनिमुद्रणाला पगार नाही, थकवा नाही, सुट्टी नाही. २०१६ नंतर अमर्याद बोलण्याचे पॅक आले. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात मोबाइल कॉल पोहोचवण्यासाठी मिनिटामागे ६ पैसे आकारले जात, तेही १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. ग्राहकाला संभाषण स्वस्त झाले हे चांगलेच झाले. परंतु त्याच दाराने उपद्रवही स्वस्त झाला.

एक साधे गणित मांडून पाहावे. समजा, एका यंत्राने एक लाख फोन केले आणि प्रत्येकाने केवळ वीस सेकंद ऐकून फोन ठेवला. एकूण वीस लाख सेकंद, म्हणजे सुमारे ५५५ तास झाले. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर समाजाचे ६९ दिवस एका दुपारी खर्ची पडले. आठ तासांच्या दिवसासाठी ज्या चळवळीने रक्त सांडले, तिला या ६९ दिवसांचे मोल ठाऊक असावयास हवे. आता समजा, त्या एक लाखांपैकी दहा हजारांत एक, म्हणजे फक्त दहा माणसे फसली आणि प्रत्येकी पन्नास हजार गमावून बसली. ठकाच्या पदरात पाच लाख पडले. नव्वद हजारांहून अधिक माणसे हुशार निघाली म्हणून त्याचे काहीच बिघडत नाही. जनतेच्या शहाणपणावर सारी भिस्त टाकणारे धोरण का अपुरे पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ओळखावे कसे?

तरीही जे ओळखता येईल ते ओळखलेच पाहिजे. यंत्राने लावलेल्या फोनवर ‘हॅलो’ म्हटल्यानंतर क्षणभर शांतता असते. पुष्कळ क्रमांक एकदम फिरवणारे यंत्र, पलीकडे कोणी बोलले याची खात्री करून मगच आवाज सुरू करते किंवा मोकळ्या माणसाकडे फोन वळवते. सुरू झालेला आवाज मध्येच प्रश्न विचारला तरी थांबत नाही. ही जुन्या पद्धतीच्या ध्वनिमुद्रणाची खूण होय. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनवलेला आवाज आता प्रश्नाला उत्तरही देऊ शकतो, आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करू शकतो. सबब कानावर विसंबून चालणार नाही. आवाज कोणाचा आहे यापेक्षा मागणी कसली आहे, हे पाहावे.

मागणीच्या खुणा मात्र वर्षानुवर्षे बदललेल्या नाहीत. पहिली खूण घाईची: दोन तासांत, आजच, आत्ताच. दुसरी भयाची: क्रमांक बंद, वीज बंद, अटक. तिसरी गुप्ततेची: घरात कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका. चौथी गुपिताची: ओटीपी, पिन, कार्डामागचे आकडे सांगा, किंवा आम्ही सांगतो ते ॲप उतरवून घ्या. या चारांपैकी दोन एकत्र आल्या की संशयाला जागा उरत नाही. आणि ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पडद्यासमोर बसवून कोणालाही अटकेत ठेवता येत नाही, हे वाक्य प्रत्येक वस्तीत पाठ झाले पाहिजे.

क्रमांकावरूनही काही बोध होतो. नोंदणीकृत जाहिरातदारांसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आणि बँकांच्या सेवाविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवण्यात आली आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना हीच मालिका वापरण्यास सांगितले. बँकेच्या नावाने साध्या दहा आकडी क्रमांकावरून फोन आला तर तो संशयास्पद समजावा. तथापि, पडद्यावर दिसणारा क्रमांक हा पुरावा नव्हे. परदेशातून केलेला कॉल भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून येऊ शकतो. दूरसंचार विभागाने असे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेल्याचे सरकारने सांगितले. रोगाचा पसारा किती आहे, हे या एका आकड्यावरून कळावे.

करावे काय?

अशा निरोपावर कोणताही आकडा दाबू नये. ‘हे फोन नको असल्यास अमुक आकडा दाबा’ असे ठकाचे यंत्र सांगते, तेव्हा तोही आकडा दाबू नये. त्याने एवढेच सिद्ध होते की, या क्रमांकावर ऐकणारे माणूस आहे. वाद घालू नये, शिव्याही देऊ नयेत, फोन ठेवावा. मनात शंका राहिलीच तर फोनवर सांगितलेल्या क्रमांकावर उलट फोन न करता पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर करावा, अथवा सरळ शाखेत जावे. घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावे. गुप्तता मोडली की भयाचे अर्धे बळ संपते.

जाहिरातीचे फोन नको असतील तर १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते, आणि नोंदीनंतरही फोन आल्यास तेथेच तक्रार करता येते. २०२५ च्या दुरुस्तीने या तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली आहे. फसवणुकीचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, अशा वेळी ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सोयीत माहिती द्यावी. ती मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे. आणि पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० हा क्रमांक फिरवावा व बँकेला कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत असा झपाट्याने पांगतो. तो पांगण्यापूर्वी गोठवला गेला तरच परत मिळण्याची आशा असते. लाजेपोटी घालवलेली एक रात्र बहुधा सर्वस्व घालवते.

सावधगिरीच्या पलीकडे

येथवरचे सारे उपाय व्यक्तीने करावयाचे आहेत, आणि सरकारी जाहिराती येथेच थांबतात. ‘सावध राहा’ हा उपदेश खोटा नाही. पण रस्त्यावर दिवे न लावता पादचाऱ्याला ‘जपून चाला’ म्हणण्यासारखा तो आहे.

कायद्याचा प्रवास पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. नको असलेल्या फोनांविरुद्ध देशात पहिली नियमावली २००७ साली झाली, दुसरी २०१० साली, तिसरी २०१८ साली, आणि तिच्यात मोठी दुरुस्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली. नियम हळूहळू कडक होत गेले हे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मधील आदेशानंतर नोंदणी नसलेल्या फोनविक्रेत्यांच्या अठरा लाखांहून अधिक जोडण्या तोडण्यात आल्या, आणि अशा विक्रेत्यांविरुद्धच्या तक्रारी त्या ऑगस्टमधील सुमारे १ लाख ८९ हजारांवरून जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजारांवर आल्या. यावरून दोन निष्कर्ष निघतात. राज्यसंस्थेने मनावर घेतले तर फरक पडतो, हा पहिला. आणि अठरा लाख जोडण्या अशा कामी लागेपर्यंत कंपन्यांना त्याचा पत्ता नव्हता, किंवा असून त्यांनी काही केले नाही, हा दुसरा. २०२५ च्या दुरुस्तीने कंपनीने अशा फोनांची संख्या चुकीची कळवल्यास २ लाख, ५ लाख व १० लाख असा चढता दंड ठेवला आहे. शंभर कोटींहून अधिक मोबाइल जोडण्यांच्या या बाजारात दहा लाखांचा दंड ही कंपनीच्या दृष्टीने किरकोळ खर्चाची बाब होय.

पैशाच्या बाबतीत तर अन्याय अधिक उघड आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाची जी रचना घातली, तीत ग्राहकाने स्वतःच गुपित उघड केले असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्याच माथी पडले. कायद्याच्या भाषेत हा निष्काळजीपणा झाला. वस्तुतः ज्याला बनावट पोलिसाने चार तास पडद्यासमोर बसवून ठेवले, त्याची संमती ही संमतीच नव्हे. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून निराळा मार्ग धरला. फसवणुकीला बळी पडून ग्राहकाने स्वतः पैसे पाठवले असले तरी ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी करावी, आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या व पैसे घेणाऱ्या अशा दोन्ही संस्थांनी निम्मानिम्मा उचलावा, असा तो नियम आहे. यामागे दयाबुद्धीपेक्षा अर्थशास्त्र अधिक आहे. नुकसान टाळण्याची साधने ज्याच्या हाती आहेत, त्याच्यावर नुकसानीचा भार टाकला की तो ती साधने वापरू लागतो. संशयास्पद खाते उघडू न देणे, ते वेळीच गोठवणे, वृद्ध खातेदाराची सारी ठेव एका दुपारी बाहेर जात असता त्याला थांबवून विचारणे, ही कामे बँकेची आहेत. खातेदाराला ती करता येत नाहीत. भारतातही हेच तत्त्व यावे, ही मागणी समाजवाद्यांनी नेटाने लावून धरली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डिजिटल अटके’च्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये त्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. न्यायालयाला पुढे यावे लागले, याचा अर्थ लोकप्रतिनिधी मागे राहिले असा होतो.

आवाजामागची माणसे

यंत्रामागे बसलेला माणूस कोण, याचाही विचार सुटता कामा नये. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या थायलंड सीमेवरील फसवणूक केंद्रांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानाने परत आणले. परदेशी नोकरीच्या आमिषाने गेलेल्या या तरुणांना तेथे डांबून ठेवून फोनवरील आणि संगणकावरील ठकबाजीला जुंपण्यात आले होते. देशातही भाड्याने दिल्या जाणाऱ्या बँक खात्यांची एक बाजारपेठ आहे. चार-पाच हजारांसाठी खाते आणि कार्ड दुसऱ्याच्या हाती देणारा बेकार तरुण पुढे आरोपी म्हणून कोठडीत जातो, मालक नामानिराळा राहतो. गुन्ह्याला क्षमा नाही. परंतु एका गरिबाला लुबाडण्यासाठी दुसऱ्या गरिबाची बेकारी वापरली जाते, हे न सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. म्हणूनच ‘खाते भाड्याने देऊ नका’ हा प्रचार तरुणांच्या मेळाव्यात झाला पाहिजे.

राजकारणातील मुद्रित आवाज

शेवटचा मुद्दा पक्षकार्याचा आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज देशभरच्या फोनांवर ऐकवला गेला, तेव्हा त्याचे नवल वाटले होते. आज नगरपालिकेच्या उमेदवारालाही ते सहज साधते. कॅनडातील ग्वेल्फ मतदारसंघात २०११ च्या निवडणुकीच्या दिवशी सहा हजारांहून अधिक फोनांवर, निवडणूक यंत्रणेच्या नावाने, मतदान केंद्र बदलल्याचा खोटा निरोप गेला. या प्रकरणी एका पक्ष कार्यकर्त्याला २०१४ साली नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात अध्यक्ष बायडेन यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल मतदारांना प्राथमिक निवडणुकीत मत न देण्याचे आवाहन करीत होती. तेथील दूरसंचार आयोगाने ८ फेब्रुवारीला असा कृत्रिम आवाज १९९१ च्या फोनविषयक कायद्याच्या कक्षेत आणला आणि तो निरोप योजणाऱ्या सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंड ठोठावला. फौजदारी खटल्यात मात्र तो २०२५ मध्ये निर्दोष सुटला. गुन्हा सिद्ध होणे किती कठीण आहे, हे यावरून दिसते.

भारतात प्रचाराच्या घाऊक ध्वनिसंदेशांना निवडणूक आयोगाच्या समितीचे पूर्वप्रमाणपत्र लागते, त्यांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो आणि मतदान संपण्यापूर्वीच्या अठ्ठेचाळीस तासांत ते पाठवता येत नाहीत. परंतु नियमाचा किमान आकडा गाठला म्हणजे नीती साधली, असे समाजवादी माणसाने मानू नये. जो पक्ष नागरिकाच्या दुपारच्या झोपेची, त्याच्या नकाराची आणि त्याच्या क्रमांकाची कदर करीत नाही, तो सत्तेवर आल्यावर त्याच्या अन्य हक्कांची कदर करील यावर कोणी विश्वास ठेवावा? म्हणून पक्षाने स्वतःसाठी काही बंधने घालून घ्यावीत. निरोपाच्या आरंभीच पक्षाचे नाव व परत बोलता येईल असा क्रमांक सांगावा. कृत्रिम आवाज वापरू नये. विकत घेतलेल्या याद्या घेऊ नयेत. ‘नको’ म्हणणाऱ्याचा क्रमांक त्याच दिवशी वगळावा. आणि जेथे कार्यकर्ता चालत जाऊ शकतो, तेथे यंत्र पाठवू नये.

कार्यकर्त्यांसमोरचे काम यातूनच ठरते. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ वस्तीतल्या वृद्धांसाठी आणि बचतगटांच्या स्त्रियांसाठी द्यावी. १९३० आणि १९०९ हे दोन क्रमांक मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून रेशन दुकान, दवाखाना आणि ग्रामपंचायत येथे लावावेत. फसलेल्या माणसाला ‘एवढे कसे कळले नाही?’ असे विचारू नये. त्याच्याबरोबर बँकेत आणि पोलीस ठाण्यात जावे, तक्रारीची पोच घेतल्यावाचून परतू नये. अशा तक्रारी जमवून बँकांच्या जबाबदारीची मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवावी. तक्रार मराठीत घेतली जावी आणि तिचे उत्तरही मराठीत मिळावे, हा आग्रह त्यातच धरावा. पहिला फसवा फोन ऐकल्यावर घाबरलेल्या माणसाला विचारण्यासाठी शेजारी ओळखीचा कार्यकर्ता असला, तर ९ चा आकडा दाबण्यापूर्वी तो त्याचे दार ठोठावील. ते दार उघडे ठेवणे हे पक्षाचे काम आहे.